सांध्यांसाठी गरम-थंड शेकाचे पट्टे : उपयोग आणि धोके



तव्यावर जाडे मीठ तापवून त्याची फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि ती दुखऱ्या गुडघ्यावर टेकवायची, हा उपचार महाराष्ट्रातील घराघरांना ठाऊक आहे. काही ठिकाणी मिठाऐवजी वाळू असते, काही ठिकाणी चुलीजवळ तापवलेली वीट, तर काही ठिकाणी नुसते शेकलेले एरंडाचे पान. साधन कोणतेही असले तरी एक गोष्ट सर्वत्र सारखी असे. शेकणारी व्यक्ती पुरचुंडी आधी स्वतःच्या तळहाताला लावून पाही आणि मगच ती दुसऱ्याच्या अंगावर ठेवी. चटका बसण्यापूर्वी हात उचलला जाई. उष्णता मोजणे, वेळ ठरविणे आणि धोका ओळखणे, अशी तिन्ही कामे तो एक हात करीत असे.

अलीकडच्या काही वर्षांत या हाताची जागा घेणारे पट्टे बाजारात आले आहेत. गुडघा, खांदा, कोपर किंवा घोटा यांभोवती ते गुंडाळायचे, चिकटपट्टीने घट्ट करायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. शहरांतील औषधांच्या दुकानांत ते मिळतात, घरपोच मागविता येतात, आणि आता तालुक्याच्या बाजारातही दिसू लागले आहेत. मुंबई-पुण्यास नोकरीस असलेला मुलगा गावी येताना आईच्या गुडघ्यांसाठी असा पट्टा घेऊन येतो. त्यामागील भावना उत्तमच असते. तथापि, पट्टा बांधून आई एकटी झोपी जाते तेव्हा शेकणारा हात तेथे नसतो. प्रस्तुत विषयाचा सारा विचार या एका फरकाभोवती करावा लागतो.

या साधनांचे ढोबळ मानाने चार प्रकार आहेत. पहिला आणि सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे कापडी पट्ट्याच्या खिशात बसणारी जेलची पिशवी. ती शीतकपाटात ठेवली की थंड शेकासाठी आणि गरम पाण्यात ठेवली की गरम शेकासाठी वापरता येते. दुसरा प्रकार विजेच्या तारांनी तापणाऱ्या पट्ट्याचा. यांतील काही घरातील विजेवर चालतात, काहींना लहान बॅटरी जोडलेली असते. तिसरा प्रकार मुख्यतः शस्त्रक्रियेनंतर वापरला जातो. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या पेटीतून लहानसा पंप ते थंड पाणी नळीवाटे गुडघ्याभोवतीच्या पोकळ पट्ट्यात खेळवीत राहतो. चौथा प्रकार सर्वांत नवा वाटतो, पण त्याचे तत्त्व मात्र जुने आहे. दोन भिन्न वाहकांच्या सांध्यातून विद्युत्प्रवाह सोडला असता तो सांधा प्रवाहाच्या दिशेनुसार गार किंवा गरम होतो, हे पेल्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये दाखवून दिले. आज अर्धवाहकांच्या चकत्या वापरून याच तत्त्वावर पट्टे तयार होतात. बटण दाबताच प्रवाहाची दिशा बदलते आणि गार बाजू गरम होते.

विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांना येथे एक मनोरंजक हिशेब वर्गात मांडता येईल. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. म्हणजे अर्धा किलो बर्फ ४० हजार कॅलरी उष्णता ओढून घेतो. विजेच्या भाषेत ही ऊर्जा ४६ वॅट-तासांच्या आसपास भरते. आजच्या मोबाइल दूरध्वनीच्या बॅटरीत साधारणतः १९ वॅट-तास ऊर्जा मावते. यावरून अर्धा किलो बर्फाचे काम बॅटरीवरच्या पट्ट्याकडून करवून घेणे किती अवघड आहे, हे लक्षात येते. शिवाय शरीरातून ओढलेली उष्णता त्या पट्ट्याला दुसऱ्या बाजूने हवेत सोडावी लागते, आणि विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी ती हवाच अंगापेक्षा तप्त असते. साध्या बर्फाला असली अडचण येत नाही. बर्फाचा आणखी एक गुण असा की, वितळता बर्फ शून्य अंशाच्या खाली जात नाही. जेलची पिशवी मात्र बर्फकप्प्यातून काढली तेव्हा उणे १५ अंशांच्याही खाली असू शकते आणि काही काळ तशीच राहते. म्हणून वितळत्या बर्फापेक्षा मऊ जेल हे त्वचेला अधिक धोक्याचे ठरू शकते. दिसण्यावरून कोणालाही उलटे वाटावे, अशीच ही गोष्ट आहे.

थंडी आणि उष्णता सांध्यावर नेमके काय करतात? थंडीमुळे त्वचेखालील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, मज्जातंतूंमधून जाणारे संदेश मंदावतात आणि वेदना बोथट होते. उष्णतेमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल पडतात आणि सांध्याभोवतीच्या ऊती अधिक लवचिक होतात. यावरून व्यवहारातील नियम निघतो. ताजा मार, मुरगळ, सूज आणि तप्त झालेला सांधा असेल तर पहिले दोन-तीन दिवस थंड शेक द्यावा. जुना ताठरपणा, सकाळी उठताना आखडलेला गुडघा किंवा सूज नसलेली झिजेची दुखणी असतील तर गरम शेक द्यावा, आणि तोही शक्यतो व्यायामाच्या आधी. दोहोंची मर्यादा एका वेळी १५ ते २० मिनिटे. थंड शेक देताना त्वचा आणि पिशवी यांच्यामध्ये ओलसर फडके हवेच. पुन्हा शेक द्यावयाचा तर मध्ये दोनएक तास जाऊ द्यावेत.

आपल्याकडे नेमकी याच्या उलट चाल आढळते. कबड्डी खेळताना विद्यार्थ्याचा घोटा मुरगळला की पहिल्या दहा मिनिटांतच कोणी तरी तो चोळू लागतो, कोणी गरम लेप आणतो. ताज्या दुखापतीत आत रक्तस्राव चालू असतो, आणि चोळण्याने व उष्णतेने तो वाढतो. संध्याकाळपर्यंत घोटा दुप्पट सुजतो आणि दोष मुलाच्या नशिबाला दिला जातो.

थंडीविषयीही अतिरेक होऊ नये. गेब मिरकिन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि दुखरा भाग उंच ठेवणे ही चतुःसूत्री लोकप्रिय केली, आणि जगभरच्या क्रीडाशिक्षकांनी ती पाठ केली. पुढे सुमारे साडेतीन दशकांनी स्वतः मिरकिन यांनीच आपले मत बदलले. सूज ही शरीराच्या दुरुस्तीच्या कामाचाही एक भाग असून, दीर्घकाळ बर्फ लावणे आणि संपूर्ण विश्रांती घेणे यांमुळे बरे होण्यास विलंब लागू शकतो, असे त्यांनी लिहिले. बर्फ वेदना कमी करण्यासाठी आहे, मोडलेले जोडण्यासाठी नव्हे. पहिल्या दिवसांत थोडा वेळ लावावा आणि नंतर सांध्याला हळूहळू हालचाल द्यावी, एवढाच याचा व्यवहारातील अर्थ.

गुडघ्याच्या सांधारोपणानंतर थंड पाणी खेळविणारे पट्टे सर्रास सुचविले जातात. अशा थंड उपचारासंबंधीच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रथम २०१२ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये घेतला. वेदना आणि रक्तस्राव यांत थोडा फरक पडत असावा, परंतु पुरावा कमकुवत आहे, असा त्याचा आशय आहे. ज्या कुटुंबाने शस्त्रक्रियेसाठीच कर्ज काढले आहे, त्याने आणखी काही हजारांचे यंत्र न घेता बर्फाच्या साध्या पिशवीवर भागविले, तर रुग्णाचे फारसे अडत नाही. हाच पैसा भौतिकोपचारतज्ज्ञाच्या चार अधिक भेटींवर खर्च होणे केव्हाही श्रेयस्कर. गुडघा पूर्ण वाकू व सरळ होऊ लागतो तो व्यायामाने. शेक ती वेदना सुसह्य करतो, म्हणजे व्यायाम करता येतो. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतही गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायाम आणि वजन कमी करणे यांची शिफारस ठामपणे केलेली आहे. गरम वा थंड शेकाची शिफारस आहे, पण ती सशर्त. शरीराचे एक किलो वजन घटले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हेही या संदर्भात सांगण्याजोगे आहे. ही किमया कोणत्याही पट्ट्याला साधलेली नाही.

आता धोक्यांचा विचार. पट्ट्याचे तापमान किती आहे हे सांगणारी सर्वांत विश्वासार्ह यंत्रणा म्हणजे बांधणाऱ्याची त्वचा. ती त्वचाच बधिर असेल तर? मधुमेह दीर्घकाळ राहिल्यास पायांच्या संवेदना हळूहळू मंदावतात आणि रुग्णाला ते कळतही नाही. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या अनेकांच्या हातापायांची संवेदना परतलेली नसते. अर्धांगवायू झालेल्या व्यक्तीची एक बाजू अशीच असू शकते. अशा पायावर पट्टा तापत राहिला तर फोड येईपर्यंत काहीच जाणवत नाही. मधुमेहात जखम लवकर भरत नाही. किरकोळ भाजल्यातून जंतुसंसर्ग, संसर्गातून कोथ आणि अखेरीस पाय गमावण्याचा प्रसंग, इथवर गोष्ट जाऊ शकते.

त्वचा भाजण्यासाठी उकळते पाणीच लागते असेही नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार, ४४ अंश सेल्सिअस तापमानाचा सलग स्पर्श सुमारे सहा तास राहिला तरी त्वचा भाजते, आणि त्यापुढील काही अंशांपर्यंत प्रत्येक अंशागणिक हा अवधी जवळजवळ निम्मा होत जातो. ४४ अंश म्हणजे अंगावर घेताना कढत, तरीही सुखद वाटू शकेल असे पाणी. पट्टा बांधून रात्रभर झोपणे घातक का, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

अंगाशी बांधलेल्या उष्णतेचा अनुभव भारताला नवीन नाही. काश्मीरमध्ये हिवाळ्यात लोक फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगतात. वर्षानुवर्षे पोटाला व मांड्यांना तिची ऊब लागून त्वचेवर जाळीदार काळपट चट्टे उमटतात आणि काहींना त्या जागी कर्करोग होतो, ही गोष्ट तेथील डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदविली होती. विजेच्या पट्ट्यात निखारे नसतात हे खरे. तथापि रोज एकाच जागी तासन्‌तास शेक घेणाऱ्यांच्या त्वचेवर तसेच जाळीदार चट्टे आजही दिसतात. असा चट्टा दिसल्यास शेक थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

आयुर्वेदाच्या अभ्यासकांना आणखी एक संदर्भ परिचित असेल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय संपूर्णपणे स्वेदनास, म्हणजे शेकाच्या उपचारास वाहिलेला आहे. अग्नीच्या साहाय्याने द्यावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार तेथे सांगितले आहेत. परंतु त्याच अध्यायात स्वेदन कोणाला देऊ नये याचीही यादी आहे आणि त्या यादीत गर्भिणीबरोबर मधुमेहीचाही उल्लेख आहे. त्या शास्त्राची कारणमीमांसा वेगळी होती, पण उपचाराबरोबर निषेधही सांगण्याची शिस्त होती. आजच्या पट्ट्याच्या खोक्यावर मात्र हसतमुख वृद्धेचे चित्र मोठे असते आणि निषेधाची ओळ भिंगाशिवाय वाचता येत नाही. तीही बहुधा मराठीत नसते.

थंडीचे धोके कमी बोलले जातात. गुडघ्याच्या बाहेरील बाजूस, पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्यापाशी, एक महत्त्वाचा मज्जातंतू त्वचेच्या अगदी लगत असतो. तेथे घट्ट पट्टा आणि तीव्र थंडी एकत्र आली की तो तंतू दुखावतो आणि पाऊल वर उचलता येईनासे होते. खेळाडूंमध्ये अशी उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. थंड पाणी सतत खेळविणाऱ्या यंत्रांमुळे हिमदाह झाल्याच्याही नोंदी आहेत. पायांचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी आणि थंडीत बोटे पांढरी-निळी पडणाऱ्यांनी बर्फ टाळावा.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांतील आश्रमशाळांच्या शिक्षकांनी एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात ठेवावी. त्या भागांत सिकल सेल आजार आढळतो. या आजारात लाल रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे व सांधे असह्य दुखू लागतात. थंडीने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. अशा विद्यार्थ्याचा गुडघा दुखत असेल तर बर्फ लावणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. त्याला ऊब द्यावी, भरपूर पाणी पाजावे आणि विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे. १ जुलै २०२३ रोजी सिकल सेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि त्याखाली मोठ्या प्रमाणावर रक्ततपासणी हाती घेण्यात आली. तपासणीचा निष्कर्ष वर्गशिक्षकाला ठाऊक असेल तर ही चूक टळते.

चिकुनगुन्याचा अनुभवही असाच बोलका आहे. या आजाराने १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला ग्रासले होते. त्यानंतर तीन दशके तो जणू नाहीसा झाला आणि २००५-०६ च्या साथीत राज्यभर परतला. ताप चार-आठ दिवसांत उतरतो, पण सांधे महिनोन्‌महिने दुखतात. काठीवाचून उठता न येणारी धडधाकट माणसे त्या वर्षी गावोगावी दिसली. या आजारासंबंधी जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाने २००८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, तीव्र अवस्थेत थंड पट्ट्यांनी आराम पडतो आणि उष्णतेने वेदना वाढू शकते, म्हणून त्या काळात शेकणे टाळावे, असे म्हटले आहे. आपल्याकडील पहिली प्रतिक्रिया मात्र शेगडी पेटविण्याची होती.

याउलट एक अवस्था अशी की जेथे गरम वा थंड, कोणताच शेक देत बसू नये. एकच सांधा अचानक सुजून लाल व तप्त होणे, हलविता न येणे आणि सोबत ताप असणे, ही सांध्यात पू झाल्याची लक्षणे असू शकतात. काही दिवसांच्या विलंबाने कूर्चा कायमची नष्ट होते. लहान मुलाच्या बाबतीत तर आयुष्यभराचे लंगडेपण येते. अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालय गाठून दिले पाहिजे.

पंचायत सदस्यांशी या विषयाचा संबंध खरेदीच्या निमित्ताने येतो. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर केली. ६५ वर्षे व त्यावरील पात्र ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी ३,००० रुपये एकरकमी थेट बँक खात्यात देण्याची तीत तरतूद करण्यात आली आणि साधनांच्या यादीत गुडघ्याच्या पट्ट्याचाही समावेश होता. येथे शब्दांचा घोटाळा होण्याचा संभव आहे. यादीतील पट्टा म्हणजे सांध्याला आधार देणारा पट्टा. तापणारा वा गार होणारा पट्टा ही निराळी वस्तू आहे. दुकानदाराला नुसता ‘गुडघ्याचा पट्टा’ मागितला तर तो दोहोंपैकी कोणताही हाती ठेवील. वृद्धांचे अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्त्याने हा फरक समजावून सांगणे अगत्याचे आहे.

विजेवरचा पट्टा घ्यावयाचाच असेल तर ठरावीक वेळानंतर आपोआप बंद होण्याची सोय त्यात आहे की नाही, हे प्रथम पाहावे. नसेल तर तो घेऊ नये, मग किंमत कितीही कमी असो. तापमानाचे अंश आकड्यांत दाखविणारा पट्टा केवळ ‘कमी, मध्यम, जास्त’ असे दाखविणाऱ्यापेक्षा बरा. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणली गेली. तेव्हा वैद्यकीय उपकरण म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर उत्पादकाचे नाव, पत्ता आणि परवाना वा नोंदणीचा क्रमांक आहे का, हे पाहण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. फुगलेल्या बॅटरीचा पट्टा पुन्हा भारित करू नये. वेदनाशामक मलम चोळून त्यावर गरम पट्टा बांधण्याची सवय अनेकांना असते, तीही सोडावी. मलम आणि उष्णता मिळून त्वचा भाजते.

पट्टा बांधण्यापूर्वी संवेदनेची परीक्षा उपकेंद्रातील परिचारिका पाच मिनिटांत करू शकते. दोन काचनळ्या घ्याव्यात, एकीत कोमट आणि दुसरीत गार पाणी भरावे. रुग्णाला डोळे मिटण्यास सांगून त्या आळीपाळीने गुडघ्यावर, पोटरीवर व पावलावर टेकवाव्यात. गरम कोणती आणि गार कोणती हे ज्याला अचूक सांगता येत नाही, त्याने कोणताही पट्टा वापरू नये. ज्याला सांगता येते, त्याच्यासाठीही शेक चालू असताना दर पाच मिनिटांनी पट्टा उचलून त्वचा पाहणारे कोणी तरी जवळ असावे.

शाळांच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण उरते, ती बर्फाची. काही गावांत दुखापत झाली की लसीकरणाच्या पेटीतील बर्फाच्या पिशव्या मागितल्या जातात. त्या देऊ नयेत आणि मागूही नयेत, कारण त्या लसींच्या शीतसाखळीसाठी मोजून ठेवलेल्या असतात. त्यापेक्षा शाळेशेजारच्या एखाद्या घरी शीतकपाट असल्यास, स्वच्छ धुतलेल्या दुधाच्या पिशवीत पाणी भरून तिचे तोंड बांधून ती तेथे गोठवून ठेवता येते. स्पर्धेच्या दिवशी बर्फाचा गोळा विकणाऱ्या गाडीवाल्याकडूनही किलोभर बर्फ मिळतो. तोही नसेल तेव्हा माठातील पाण्यात भिजवून पिळलेला पंचा घोट्याभोवती गुंडाळावा, पाय दप्तरांच्या ढिगावर उंच ठेवावा आणि पंचा कोमट झाला की पुन्हा भिजवावा.